मॉरिशस: बीच सोडून बाकी सगळं

शनिवार

आत्या रत्नागिरीला शाळेत इतिहास शिकवायची, आता रिटायर झालीये, आणि गेली कित्येक वर्षं तिचं एकच पालुपद की आपल्या कोकणातनं माणसं उसाच्या मळ्यात राबायला जिथं गेली ते मॉरिशस एकदा डोळ्यांनी बघायचंय. बीचबिच तुझे तू बघ म्हणाली. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तास लागतात, आणि आमचं विमान हनिमूनला निघालेल्या जोडप्यांनी भरलेलं, त्यात आम्ही आत्या-भाचे.

एअरपोर्टवर पैसे बदलले. इथेही रुपयाच चालतो, इंग्रजांनी १८७६ मध्ये भारतातला रुपया इथे अधिकृत केला तो नावाने आजपर्यंत टिकलाय. काउंटरवरून बाजूला झालो आणि आत्याने नोटा हातात घेऊन एकेक बघायला सुरुवात केली. २५ वर चिनी वंशाचे आ-चुएन, ५० वर फ्रेंच वंशाचे पातुरो, १०० वर तमिळ सीनीवासन, २०० वर मुस्लिम समाजाचे अब्दुल रझाक मोहम्मद, ५०० वर हिंदू बिसुनदयाल, १००० वर क्रिओल (म्हणजे मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज) समाजाचे गायताँ दुवाल आणि २००० वर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. म्हणजे प्रत्येक समाजाला एकेक नोट! आणि हे दुवाल म्हणजे ज्यांनी स्वातंत्र्यालाच विरोध केला होता ते, तरी त्यांना हजाराची नोट मिळाली, मला हे फार आवडलं. आपल्याकडे कुठल्याही विरोधकाबद्दल एवढं मोठं मन दाखवल्याचं मला पटकन आठवत नाही.

नोटेवर इंग्रजी, मग तमिळ, मग हिंदी असा क्रम असतो. १९९८ मध्ये नव्या नोटा छापताना हिंदी वर आणि तमिळ खाली गेलं तर एवढा गदारोळ झाला की त्या नोटाच परत घ्याव्या लागल्या. तमिळ लोकांचं म्हणणं की आम्ही इथं सगळ्यात आधी आलो, फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने याने पाँडिचेरीहून कारागीर आणले होते १७३५ नंतर, तेव्हापासून. बाहेरच्याला वाटेल एवढ्याशा ओळीवरून काय भांडायचं, पण ज्या देशात मुळात राहणारं कुणीच नव्हतं, सगळेच जहाजातनं उतरवलेले, तिथं कोण आधी उतरलं याला महत्त्व येणारच ना.

एअरपोर्टपासूनच ऊस सुरू होतो आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग, काही तर पायऱ्या-पायऱ्यांचे, नीट रचलेले. ड्रायव्हर दादा भोजपुरी वळणाचं हिंदी बोलत होते, ते म्हणाले हे सगळे ज्वालामुखीचे दगड, शेत मोकळं करायला मजुरांनी हातांनी वेचून काढलेत. आत्या म्हणाली थांबवा गाडी. उतरून तिने त्या ढिगाला हात लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

रविवार

राजधानी पोर्ट लुई रविवारी बंद असतं म्हणून आधी नैऋत्येच्या टोकाला ले मोर्न बघायला गेलो. ५५६ मीटरचा सुळका एकदम समुद्रातनं वर आलेला. मादागास्कर आणि मोझांबिककडून धरून आणलेले गुलाम मळ्यांमधून पळून याच्या कड्याकपारीत लपायचे. लोककथा अशी की १८३५ मध्ये गुलामगिरी संपली हे सांगायला पोलीस वर चढले आणि वरच्या लोकांना वाटलं आपल्याला पकडायलाच आले, म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या मारल्या. खरं-खोटं कुणी सिद्ध करू शकत नाही पण पायथ्याच्या स्मारकापाशी उभं राहिल्यावर तो प्रश्नच पडत नाही. २००८ पासून हे युनेस्कोच्या यादीत आहे आणि १ फेब्रुवारीला देशभर सुट्टी असते.

आता यातली मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. गुलामगिरी रद्द करताना इंग्रज सरकारने नुकसानभरपाई दिली, मॉरिशसच्या वाट्याला सुमारे २० लाख पौंड आले, आणि ते सगळे मालकांना! सुटलेल्या माणसाला एक बिघा जमीन नाही की एक पैसा नाही, उलट आणखी चार वर्षं 'उमेदवारी' म्हणून, म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून, त्याच मालकाकडे राबायचं. आणि मालक कोण तर फ्रेंच. कारण १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं तेव्हा शरणागतीच्या करारातच लिहून दिलं होतं की रहिवाशांचा धर्म, कायदे, चालीरीती आणि मालमत्ता यांना धक्का लागणार नाही. म्हणून झेंडा ब्रिटिश, जमीन फ्रेंचांची आणि दिवाणी कायदा नेपोलियनचा असं तिहेरी राज्य सुरू झालं आणि त्याचे धागे अजून सुटलेले नाहीत.

पायथ्याशी एक बाई अननसाच्या फोडी विकत होत्या, त्यावर मिरची-मीठ आणि चिंचेचं पाणी, अप्रतिम. क्रिओल होत्या. दादांनी दुभाष्याचं काम केलं. आत्याने विचारलं की राज्यघटनेत तुमचा समाज कोणता? त्या म्हणाल्या, 'आमचं नावच नाहीये तिथं.' आणि खरंच नाहीये. घटनेत चार समाज आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि जनरल पॉप्युलेशन. चौथ्याची व्याख्या अशी की जगण्याच्या पद्धतीवरून जो पहिल्या तिघांत बसत नाही असं दिसतं तो यात. म्हणजे गुलामांची पतवंडं आणि गुलाम पाळणाऱ्यांची पतवंडं एकाच खान्यात, आणि तेही 'उरलेले' म्हणून. १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि देशभर दंगल उसळली तेव्हा ही जुनी खदखद सगळ्या जगाला दिसली.

सोमवार

पोर्ट लुई. सकाळी सकाळी मेट्रोने शिरलो, ही मेट्रो भारताच्या पैशांतून आणि आपल्या एल अँड टीने बांधलीये, स्वच्छ आणि वेळेवर.

आप्रवासी घाट, म्हणजे भारतातनं आणलेले मजूर उतरवायची जागा, बंदराच्या अगदी कडेला आहे. मूळ इमारतींपैकी थोडाच भाग उरलाय कारण मधूनच हायवे काढला. त्या प्रसिद्ध १६ पायऱ्या, ज्या चढून मजूर बेटावर आले, काळ्या दगडाच्या, मधोमध झिजलेल्या. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलास' जहाजातून ३६ जण उतरले, कलकत्त्याहून आलेले छोटा नागपूरचे आदिवासी. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. गुलाम सुटणार होते म्हणून त्यांच्या जागी 'स्वखुशीने' आलेला मजूर चालतो का हे इंग्रजांना बघायचं होतं, याला ते ग्रेट एक्सपेरिमेंट म्हणायचे. प्रयोग यशस्वी झाला आणि मग फिजी, त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ सगळीकडे हाच नमुना गेला. इथं एकट्या मॉरिशसमध्ये साडेचार लाखांच्या वर माणसं उतरली, आणि आजच्या लोकसंख्येत दोन तृतीयांशाहून जास्त लोक त्यांचे वंशज आहेत. कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई अशी तीन बंदरं. मुंबईहून कोकण आणि देशावरची माणसं आली.

आत सगळी रचना नीट दाखवलीये, स्वयंपाकाची जागा, दवाखाना, संडास, गार्डांची खोली. माणूस आला की त्याला नंबर. एक दिवस कामावर गैरहजर तर दोन दिवसांचा पगार कापायचा, याला डबल कट म्हणायचे. आत्या हे ऐकून एवढंच म्हणाली की मी तीस वर्षं पोरांना 'वेठबिगारी' हा शब्द शिकवला, त्याचा हिशोब आज कळला.

दुपारी मार्केटसमोर डाळपुरी खाल्ली. इथे डॉल पुरी म्हणतात, दोनच्या जोडीत मिळते, आत वालासारख्या मोठ्या बियांची उसळ आणि हिरवी चटणी, कागदात गुंडाळून हातात. रांगेत सूटबूटवाले बँकर, गोणी वाहणारे हमाल, हिजाब घातलेल्या मुली, चिनी आजोबा. सगळे एकाच भाषेत ऑर्डर देत होते, फ्रेंचवरून तयार झालेल्या क्रिओलमध्ये.

मग सरकारी वाड्यापर्यंत चालत. बंदराकडे तोंड करून ला बूर्दोनेचा पुतळा, आणि वाड्यासमोर व्हिक्टोरिया राणी. दोघंही जागेवर आहेत. आत्याचं मत की असू देत, पोरांना विचारायला कारण मिळतं. माझं मत वेगळं, निदान खाली एक पाटी तरी हवी की हा कुणाच्या जिवावर मोठा झाला. यावर आम्ही शाँ द मार्सपर्यंत भांडत गेलो. हे घोड्यांच्या रेसचं मैदान, १८१२ चं, हरलेल्या फ्रेंचांना आणि जिंकलेल्या इंग्रजांना एकत्र बसवायला म्हणून सुरू केलेलं. ज्यांची एकी करायची होती ते दोघंही गोरे, राबणाऱ्यांचा त्यात विचारच नव्हता. याच मैदानावर १२ मार्च १९६८ ला नवा झेंडा फडकला. १२ मार्च म्हणजे दांडीयात्रा निघाली तो दिवस, मुद्दाम निवडलेला.

तो दिवस काही सगळ्यांसाठी आनंदाचा नव्हता. १९६७ च्या ऑगस्टमधल्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाल्यांना जवळपास ५५ टक्के आणि विरोधात ४४ टक्के मतं. ४४ टक्के लोकांना वाटत होतं की इंग्रज गेले तर हिंदू बहुसंख्याकांचं राज्य येईल आणि आपलं काही खरं नाही. जानेवारी ६८ मध्ये याच शहरात क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल झाली, बाहेरून ब्रिटिश फौज बोलवावी लागली. अशा अवस्थेत देश सुरू झाला.

मंगळवार

मोका. महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये भारतीय मजुरांची सगळी जुनी दफ्तरं आहेत आणि छोटं म्युझियम. गांधीजी १९०१ मध्ये इथे दोन-तीन आठवडे होते, नंतर त्यांनी मणिलाल डॉक्टर या वकिलांना पाठवलं.

म्युझियममध्ये एका मजुराच्या तिकिटाशी मी बराच वेळ थांबलो. चौकोनी कागद, त्यावर नंबर, नाव, बापाचं नाव आणि फोटो. १८६० च्या दशकात हे फोटो सुरू झाले. फोटोतला माणूस अंगात एक शर्ट, डोक्याला फडकं, आणि कॅमेऱ्याकडे अशा नजरेने बघतोय की आता काय होणार आपलं. करार संपलेला मजूरसुद्धा हे तिकीट घेतल्याशिवाय घराबाहेर पडू शकत नव्हता, १८६७ च्या कायद्याने. नसेल तर भटक्या म्हणून तुरुंगात. पुढे १८७१ मध्ये द प्लेविट्झ नावाच्या एका मळ्याच्या व्यवस्थापकाने, गोऱ्याच, ९,००० हून जास्त मजुरांच्या सह्यांचा अर्ज केला, मळेवाल्यांनी त्याला रस्त्यात मारहाण केली, पण लंडनहून चौकशी कमिशन आलं.

हे तिकीट बघितल्यावर मला घटनेतला तो चार खान्यांचा तक्ता नीट कळला. इथं निवडणुकीला उभं राहताना फॉर्मवर आपला समाज लिहावा लागतो. ६२ जागा थेट निवडून येतात, आणि ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्यातल्या हरलेल्यांपैकी सर्वात चांगली मतं मिळवणाऱ्यांना जास्तीत जास्त ८ जागा देतात, बेस्ट लूजर सिस्टीम. इंग्रज जाताना घाबरलेल्या अल्पसंख्याकांना खात्री म्हणून हे ठेवलं. हिशोब कुठल्या जनगणनेवर? १९७२ च्या! कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं. म्हणजे आज जन्मलेल्या मुलाचं प्रतिनिधित्व त्याच्या आजोबांच्या काळच्या आकड्यांवरून ठरतं. काही तरुणांनी समाज लिहायला नकार दिला, त्यांचे फॉर्म बाद झाले, ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली, तक्ता तसाच आहे.

मला विचाराल तर हा तक्ता जायला हवा. पण घाईने नको, हे इथे येऊन पटलं. कारण २०२४ ला एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा जिंकल्या, आणि विरोधी पक्षनेता संसदेत आला तो याच बेस्ट लूजरच्या दाराने. आणि स्वातंत्र्यापासून या देशात सत्ता मतपेटीतूनच बदलत आलीये, लष्कर तर ठेवलेलंच नाही. १९४८ पर्यंत मतदार होते जेमतेम १२ हजार, मालमत्तावाले. मग लिहितावाचता येणाऱ्याला मत मिळालं तशी बिसुनदयाल बंधूंच्या चळवळीने गावोगाव बैठकांमध्ये मजुरांना अक्षरं शिकवली आणि मतदार ७० हजारांच्या वर गेले. ५०० च्या नोटेवरचे ते हेच सुखदेव बिसुनदयाल, आत्याने लगेच पर्समधनं नोट काढून परत बघितली.

भाषेचंही तसंच. बोलतात सगळे क्रिओल, पेपर फ्रेंच, शाळेची पुस्तकं आणि सरकारी कागद इंग्रजी. संसदेत इंग्रजी अधिकृत आणि फ्रेंच चालते. क्रिओल प्राथमिक शाळेत विषय म्हणून आली ती २०१२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर ४४ वर्षांनी. आणि शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये.

बुधवार

बो प्लाँला बंद पडलेल्या साखर कारखान्यात म्युझियम केलंय. ऊस डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणला. छान आहे, शेवटी साखरेचे वेगवेगळे प्रकार चाखायला देतात. जमिनीचा प्रश्न मात्र तिथं फारसा येत नाही, मोठे मळे कुणाकडे आणि का हे दादांनी गाडीत सांगितलं. फ्रेंच वंशाचे लोक एक-दोन टक्के असतील, पण मोठी जमीन अजून त्यांच्याच कंपन्यांकडे, आणि साखरेला भाव उतरल्यावर त्याच जमिनीवर व्हिला आणि मॉल उभे राहिले. स्वातंत्र्यावेळी तोडगा निघाला तो असा की सरकार एकाकडे, मळे दुसऱ्याकडे, आणि साखरेवरच्या करातून शाळा-दवाखाने फुकट. त्यामुळे रक्तपात टळला हे खरं, आणि जमीन वाटायची राहिली हेही खरं.

गुरुवार

आजचा दिवस आत्याचा. ओळखीतनं ओळख काढून एका मराठी घरी जेवायला बोलावलं होतं, पश्चिमेकडच्या एका गावात. आजी ८० च्या पुढच्या. दारातच म्हणाल्या, 'ये गं बाय, वाईच बस.' आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं, कारण ही तिच्या आजीची भाषा. आजी पुढच्याच वाक्यात क्रिओलमध्ये शिरायच्या आणि परत मराठीत यायच्या.

गणपती पंधरा दिवसांवर आलेले, इथे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. संध्याकाळी अंगणात झाकरीची तालीम होती. झाकरी म्हणजे आपली जाखडी! पायात घुंगरू, गोल रिंगण, मधे ढोलकी, आणि तोंडात गण. नाचणाऱ्या पोरांना शब्दांचा अर्थ अर्धामुर्धाच कळतो, पण ठेका एकदम चिपळूण-संगमेश्वरचा. एका पोराचं पाऊल चुकलं तर आजीने खुर्चीत बसूनच टाळी वाजवून ते सुधारलं.

आजींची सून शाळेत शिक्षिका. त्यांनी समजावलं की घटनेत आपण हिंदूच, पण रोजच्या व्यवहारात हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी सगळे वेगळे मोजतात, प्रत्येकाचं सांस्कृतिक केंद्र, प्रत्येकाची भाषा शाळेत, रेडिओवर वेळ. आत्याने विचारलं, हे बरंय की वाईट? त्या म्हणाल्या, 'याच्यामुळेच आमची मराठी वाचली. पण निवडणुकीत तिकीट वाटायची वेळ आली की सगळे बोटं मोजायला लागतात, मराठी किती, तमिळ किती. आणि माझ्या वर्गातल्या क्रिओल मुलांना कुठल्या पूर्वजांची भाषा निवडायची? त्यांच्या पूर्वजांच्या भाषा तर मळ्यावरच संपवल्या.' मला या प्रवासात ऐकलेल्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मॉरिशसच्या मराठी माणसाचं कौतुक करताना हे दुसरं वाक्य कुणी सांगत नाही, ते सांगायला हवं.

शुक्रवार

रात्रीचं विमान, म्हणून दिवसभर माहेबूर. १५९८ मध्ये डच याच बाजूला उतरले, १८१० मध्ये इथल्या समुद्रात फ्रेंचांनी इंग्रजांना हरवलं आणि चार महिन्यांत बेट गमावलं.

जेवताना दादांनी चागोसचा विषय काढला, त्यांचे शेजारी चागोसचे आहेत. स्वातंत्र्याआधी सव्वादोन वर्षं, ८ नोव्हेंबर १९६५ ला इंग्रजांनी हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला, बदल्यात ३० लाख पौंड, आणि दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला तळासाठी दिलं. तिथं पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या दीड-दोन हजार लोकांना १९७३ पर्यंत उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडलं. हेही गुलाम आणि मजुरांचेच वंशज. पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत राहिले, हक्काचं घर नाही, काम नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ ला मत दिलं की हे तोडणं बेकायदा होतं. संयुक्त राष्ट्रांत ११६ विरुद्ध ६ असं मतदान झालं. मग २२ मे २०२५ ला ब्रिटनने करारावर सही केली, सार्वभौमत्व मॉरिशसला, दिएगो गार्सिया ९९ वर्षं भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. अनेकांनी अभिनंदन केलं. पण चागोसच्या लोकांपैकी अनेकजण म्हणतात की वाटाघाटीच्या टेबलावर आम्हाला बसवलंच नाही, आणि ते बरोबर आहे. १९६५ मध्ये लंडनमध्ये रामगुलाम आणि इंग्रज बसले होते, साठ वर्षांनी परत दोन सरकारंच बसली.

करारात दिएगो गार्सिया सोडून बाकीच्या बेटांवर वस्ती करायला मॉरिशसला मोकळीक आहे. दादांचे शेजारी पेरोस बानोस बेटाचे, सत्तरी ओलांडलेले, जायला तयार आहेत. तिथं धक्का नाही, पिण्याच्या पाण्याची सोय नाही, दवाखाना नाही. मॉरिशस सरकारने याचं वेळापत्रक आणि बजेट जाहीर करायला हवं, आणि ते ठरवताना ही माणसं समोर बसलेली हवीत, असं आत्या एअरपोर्टला जाईपर्यंत दादांना सांगत होती, आणि दादा म्हणाले शेजाऱ्यांना तुमचं हे नक्की कळवतो.